कमोडोरच्या फ्लॉप्या उतरवून घेणारी झूमफ्लॉपी: सव्वा वर्षाच्या वापरानंतर

आमच्या पुण्याच्या घरात माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत बाबांच्या ४२ फ्लॉप्या होत्या. १९८५ ते १९८८ या काळात ते नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होते. तिथे त्यांनी कमोडोर ६४ हा घरगुती संगणक आणि त्याचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह घेतला, आणि परतताना घरातल्या भांड्याकुंड्यांच्या आधी हे सामान बांधले, हे आई अजूनही ऐकवते. फ्लॉप्यांवर बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत: काहींवर खेळांची नावे, काहींवर नुसते आकडे आणि एकीवर 'गणपती – हिशेब'. यातला मजकूर आजच्या संगणकावर उतरवून घेण्यासाठी मी झूमफ्लॉपी हे उपकरण परदेशातून मागवले आणि गेले सव्वा वर्ष ते वापरतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: उपकरण चोख आहे, घेतल्याचा पश्चात्ताप नाही, मात्र ते हाती आले की काम झाले, असे समजून कोणी घेणार असेल तर त्याची निराशा होईल, कारण फ्लॉपी वाचण्याचे काम हे उपकरण स्वतः करतच नाही. ते काम चाळीस वर्षांपूर्वीच्या मूळ ड्राइव्हनेच करायचे असते.

असे उपकरण लागतेच कशाला, हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. सव्वापाच इंची फ्लॉपीचा पीसीचा जुना ड्राइव्ह मिळवून त्यात ही फ्लॉपी घातली तर पीसीला ती कोरी किंवा बिघडलेली वाटते. पीसीच्या फ्लॉप्या एमएफएम पद्धतीने लिहिल्या जातात, तर कमोडोरने जीसीआर पद्धत वापरली, ज्यात प्रत्येक चार बिटांच्या जागी पाच बिट लिहिले जातात. शिवाय तबकडीच्या बाहेरच्या कडेला परीघ मोठा, म्हणून तिथे अधिक माहिती बसवायची, असा कमोडोरचा हिशेब होता. तबकडीवरच्या एकेका वर्तुळाला ट्रॅक आणि त्याच्या एकेका तुकड्याला सेक्टर म्हणतात: १ ते १७ या ट्रॅकवर प्रत्येकी २१ सेक्टर, १८ ते २४ वर १९, २५ ते ३० वर १८ आणि ३१ ते ३५ वर १७. असे एकूण ६८३ सेक्टर होतात आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट मावतात. पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरला यातले काहीच उमगत नाही. दुसरीकडे १५४१ हा ड्राइव्ह म्हणजे स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्याच्या पोटात ६५०२ प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम आणि १६ किलोबाइटच्या रॉममध्ये बसवलेली स्वतःची डिस्क ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कमोडोर ६४ त्याला फक्त 'अमुक फाइल दे' असे सांगतो. ती कुठल्या ट्रॅकवर आहे, वाचणारे हेड कुठे न्यायचे, पाच बिटांचे चार कसे करायचे, हे सगळे ड्राइव्हच पाहतो. झूमफ्लॉपीची कल्पना या रचनेवरच उभी आहे. ड्राइव्हला जर सगळे येतेच, तर त्याला कमोडोरच्या जागी यूएसबीमार्गे आजचा संगणक जोडून द्यावा, एवढेच ती करते.

मूळ संगणकावरच प्रती काढून ठेवता आल्या नसत्या का, तर आल्या असत्या, आणि बाबांनी तशा काढल्याही होत्या. ते दृश्य मला चांगले आठवते. एकच ड्राइव्ह असल्यामुळे मूळ फ्लॉपीतला जेवढा भाग संगणकाच्या ६४ किलोबाइट मेमरीत मावेल तेवढा वाचायचा, मग फ्लॉपी बदलून तो कोऱ्या फ्लॉपीवर लिहायचा, पुन्हा मूळ फ्लॉपी घालायची, असा फेरा एका प्रतीसाठी चार-पाच वेळा चाले. त्यात तारेवरचा वेग सेकंदाला जेमतेम ४०० बाइट. त्या हिशेबाने सगळी बाजू नुसती वाचायलाच सात मिनिटांहून जास्त लागत. आधीच्या व्हिक-२० संगणकात ६५२२ चिपच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे बिट आपोआप पाठवणाऱ्या भागात, दोष निघाल्यामुळे एकेक बिट सॉफ्टवेअरने पाठवण्याची वेळ आली, आणि जुन्या सामानाशी मेळ राखण्याच्या भरात तो संथपणा कमोडोर ६४च्याही वाट्याला आला. प्रत वेगाने काढून देणारे प्रोग्रॅम आणि कार्ट्रिज पुढे आले, पण ते आमच्या घरी नव्हते. बाबांची एक प्रत पुरी होईपर्यंत माझे सबंध जेवण, अगदी ताकभातासकट, होऊन जात असे. आणि एवढे करून हाती काय राहायचे, तर आणखी एक फ्लॉपी, तीही तितकीच नाशवंत.

आता उपकरणाविषयी. झूमफ्लॉपी म्हणजे तळहातात मावेल असे एक छोटे सर्किट बोर्ड आहे. एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला कमोडोरच्या सिरियल केबलचे सहा पिनांचे गोल डिन सॉकेट. याशिवाय १५४१ मध्ये समांतर केबल, म्हणजे एकाच वेळी अनेक बिट नेणारी केबल, बसवली असेल तर तिच्यासाठी जोडणी आणि कमोडोरच्या पेट मालिकेतल्या जुन्या ड्राइव्हसाठी आयईईई-४८८ या वेगळ्या जोडणीची सोयही आहे. बोर्डावरचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, नेट लॉसन यांच्या एक्सयूएम१५४१ या प्रकल्पातून आलेले आहे, आणि संगणकाच्या बाजूने ओपनसीबीएम हा मुक्त सॉफ्टवेअरचा संच चालतो. याआधी हेच काम पीसीच्या प्रिंटर पोर्टला लावायच्या केबलने होत असे. ते पोर्टच आता संगणकांवरून गेल्यामुळे यूएसबीला दुसरा पर्याय उरलेला नाही. मी लिनक्सवर ओपनसीबीएम बसवले. परवानगीच्या एका नियमावर अर्धा तास अडलो, तो सोडला तर कुरकुर झाली नाही. कमांड लाइनची सवय नसलेल्यांना सुरुवात जड जाईल, हे मात्र मान्य करायला हवे. विंडोजसाठी खिडक्या-बटणांची आवरणे मिळतात. ती मी फारशी वापरली नाहीत, त्यामुळे त्यांवर मत देत नाही.

मुख्य आज्ञा डी६४कॉपी. ती दिली की काळ्या पडद्यावर ट्रॅकचा क्रमांक येतो आणि त्यापुढे वाचल्या गेलेल्या प्रत्येक सेक्टरसाठी एकेक चांदणी उमटत जाते. एकवीस चांदण्यांची ओळ भरली की पुढचा ट्रॅक. ओळी अठराव्या ट्रॅकपाशी एकदम आखूड होतात, पंचविसाव्याला आणखी थोड्या, एकतिसाव्याला आणखी, आणि वर सांगितलेली कमोडोरची सगळी मांडणी डोळ्यांसमोर पायऱ्यांसारखी उतरत जाते. जिथे वाचन अडते तिथे चांदणीऐवजी प्रश्नचिन्ह येते आणि ड्राइव्ह तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू लागतो. निरोगी फ्लॉपीची एक बाजू माझ्याकडे अडीच-तीन मिनिटांत उतरते आणि शेवटी ६८३ पैकी ६८३ असा आकडा येतो. तयार होणारी डी६४ फाइल, म्हणजे फ्लॉपीच्या त्या बाजूची संपूर्ण प्रत, बरोबर १,७४,८४८ बाइटची असते. पत्रिकेतले गुण जुळावेत तसा तो आकडा जुळला की मी पुढची फ्लॉपी घेतो.

एक सूचना इथेच करतो, कारण ही चूक मी स्वतः पहिल्या पाच-सहा फ्लॉप्यांवर केली. डी६४कॉपीला फक्त वापरात असलेले सेक्टर उतरवून घे, असे सांगता येते, आणि अर्धी रिकामी फ्लॉपी असली तर त्यात वेळही वाचतो. तो वेळ वाचवू नये. कमोडोरवर फाइल खोडली म्हणजे सूचीतली तिची नोंद रद्द होते आणि तिचे सेक्टर मोकळे म्हणून नोंदले जातात. सेक्टरांतला मजकूर मात्र त्यांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. बाबांनी १९८७ मध्ये खोडलेले एक पत्र मला 'मोकळ्या' जागेतून सापडले. त्यात त्यांनी आजोबांना हिवाळ्यातल्या वीजबिलाची तक्रार रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहिली होती.

आता त्या मुद्द्याकडे येतो, ज्यामुळे हे परीक्षण लिहायला सव्वा वर्ष लागले. बाबांचा १५४१ माळ्यावरून काढला तेव्हा तो फिरत होता, पण काहीच वाचत नव्हता. तो गेला असे गृहीत धरून मी एका परदेशी विक्रेत्याकडून दुसरा जुना १५४१ मागवला. तो 'तपासलेला' म्हणून विकला होता, आणि एका अर्थाने ते खरेच होते, कारण दुकानातून विकत घेतलेले खेळ आणि प्रोग्रॅम त्याने एकही प्रश्नचिन्ह न उमटवता वाचले. बाबांनी स्वतः लिहिलेल्या फ्लॉप्यांवर मात्र त्याने प्रश्नचिन्हांचा सडा घातला. फ्लॉप्या खराब झाल्या असा निष्कर्ष काढून मी दोन महिने थांबलो, झूमफ्लॉपीच्या फर्मवेअरवर संशय घेतला, केबल बदलली. दोष कशातच नव्हता.

१५४१ मध्ये हेड शून्याव्या जागी आले आहे हे सांगणारा सेन्सर नाही. म्हणून फ्लॉपी फॉरमॅट करताना किंवा वाचनात चूक आली की ड्राइव्ह हेडला बाहेरच्या दिशेने मोजून अनेक पावले हाकतो आणि ते आडकाठीवर खडखडून आपटते. कमोडोर वापरलेल्या प्रत्येकाच्या कानात तो खडखडाट आहे. वर्षानुवर्षांच्या आपटण्याने हेडची जागा सरकते, आणि सरकलेल्या हेडने लिहिलेले ट्रॅकही तेवढेच सरकलेले असतात. असा ड्राइव्ह स्वतःच लिहिलेले नीट वाचतो, पण त्याचे लिखाण दुसऱ्या सरळ ड्राइव्हला अडखळत वाचावे लागते. बाबांचा ड्राइव्ह १९८६ पासूनच तिरका झाला असणार, आणि तीन वर्षे त्यांनी त्याच तिरकेपणात सगळे लिहून ठेवले होते. तेव्हा त्या फ्लॉप्या वाचायला सर्वांत लायक यंत्र माळ्यावरचेच होते.

मग बाबांचा ड्राइव्ह उघडला. प्लग काढून थोडा वेळ थांबावे, कारण आत घरातल्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर आहे. तळाचे चार स्क्रू काढले की वरचे झाकण सुटते. हेडवर तपकिरी थर बसला होता आणि हेड ज्या दांड्यांवर सरकते त्यांवरचे वंगण सुकून डिंकासारखे झाले होते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हेड पुसले. चौथ्या काडीला ते स्वच्छ निघाले. दांड्या पुसून त्यांना नवे हलके तेल दिले. हेडची जागा जुळवणाऱ्या स्क्रूंना मात्र मी हातही लावला नाही, आणि ज्यांच्याकडे घरच्याच ड्राइव्हवर लिहिलेल्या फ्लॉप्या आहेत त्यांनी सगळे उतरवून होईपर्यंत ते शिवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्या संध्याकाळी नव्या ड्राइव्हवर ४१ प्रश्नचिन्हे दाखवणारी फ्लॉपी बाबांच्या ड्राइव्हवर ६८३ पैकी ६८३ अशी उतरली.

फ्लॉप्यांची स्वच्छता हाही वेळ खाणारा भाग आहे. पुण्याचे पावसाळे आणि बंद माळा यांमुळे ११ फ्लॉप्यांच्या तबकड्यांवर खिडकीतून पाहता बारीक पांढऱ्या वर्तुळांची बुरशी दिसत होती. (आईने पेटीत दर वर्षी डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्यांनी झुरळे लांब राहिली, बुरशी मात्र लांब राहिली नाही.) अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालणे म्हणजे तिच्यावर चरा पाडून घेणे आणि तीच घाण हेडवरून पुढच्या फ्लॉपीवर नेणे. मी कव्हरची वरची कड ब्लेडने अलगद उघडून तबकडी बाहेर काढली, मऊ कापड आणि तेच अल्कोहोल घेऊन पुसली, पूर्ण वाळू दिली आणि एका टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ कव्हरात घालून वाचली. दोन फ्लॉप्यांवर चुंबकीय लेपच सुटून कापडावर आला. त्यांच्या बाबतीत काही करण्यासारखे नव्हते.

१५४१ ला हेड एकच आहे, खालच्या बाजूला. वरून नमद्याची छोटी गादी तबकडी दाबून धरते. त्या काळी पैसे वाचवायला लोक फ्लॉपीच्या कव्हरला दुसऱ्या कडेने खाच पाडून ती उलटी घालत आणि दुसऱ्या बाजूवरही लिहीत. बाबांनी हे काम पंचिंग मशीनने केले होते, त्यामुळे आमच्या फ्लॉप्यांच्या खाचा अर्धगोल आहेत. एक बाजू वाचताना दुसरी बाजू त्या गादीखाली घासली जाते, म्हणून बुरशीच्या दिवसांत मी दर तीन फ्लॉप्यांनंतर गादीही पाहत असे. वाचण्याआधी दोन्ही खाचांवर चिकटपट्टी लावणे हा नियमच करावा, म्हणजे चुकूनही काही लिहिले जाणार नाही. मात्र ही पट्टी काळी हवी. ड्राइव्ह खाच प्रकाशाने ओळखतो, पारदर्शक सेलोटेपमधून उजेड पार जातो आणि संरक्षण नुसते नावाला उरते. इलेक्ट्रिशियनची काळी टेप उत्तम.

झूमफ्लॉपी घ्यावी की ग्रीझवीझल, असा प्रश्न आता नव्याने सुरुवात करणाऱ्याला पडतो. कीर फ्रेझर यांनी तयार केलेले ग्रीझवीझल हे मुक्त रचनेचे उपकरण पीसीच्या साध्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडतात, आणि ते सेक्टरांच्या भानगडीत न पडता तबकडीवर चुंबकत्व कुठे कुठे पालटते त्या क्षणांची नोंद करते. अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावायचा. त्यामुळे कमोडोर, अॅपल, आयबीएम, अमिगा अशा निरनिराळ्या संगणकांच्या फ्लॉप्या एकाच यंत्रावर उतरवता येतात, आणि आज न वाचलेला सेक्टर उद्या त्याच नोंदीतून वाचण्याची आशा राहते. मित्राकडचे उपकरण मी दोन आठवडे वापरले. दुकानी फ्लॉप्यांवर ते सरस आहे, यात शंका नाही. पण उलटवून वापरलेल्या फ्लॉपीची दुसरी बाजू आली की त्रास सुरू होतो. पीसीचा ड्राइव्ह तबकडीतल्या छिद्रावरून फेरा मोजतो, आणि फ्लॉपी उलटी घातली की कव्हराचे छिद्र सेन्सरसमोर येत नाही. खोटा इशारा निर्माण करण्याची सोय ग्रीझवीझलच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, परंतु छिद्र दिसल्याशिवाय माहितीच बाहेर न सोडणारे ड्राइव्ह असतात, आणि मित्राचा त्यांतलाच निघाला. १५४१ ला त्या छिद्राशी देणेघेणेच नाही. आणि बाबांच्या तिरक्या ट्रॅकांचा प्रश्न तिथेही उरलाच, कारण पीसीचा ड्राइव्ह आपल्या सरळ रेषेवरच वाचत राहतो.

तेव्हा मूळ ड्राइव्ह घरात असेल आणि फ्लॉप्या त्याच ड्राइव्हवर लिहिलेल्या असतील तर झूमफ्लॉपी घ्यावी. ड्राइव्हच नसेल, किंवा फ्लॉप्या चार प्रकारच्या संगणकांच्या असतील, तर ग्रीझवीझल. कॉपी-संरक्षण असलेले खेळ जसेच्या तसे जपायचे असतील तर साधी डी६४ फाइल पुरत नाही, कारण मुद्दाम घातलेल्या चुका आणि अनियमित ट्रॅक तिच्यात नीट उतरत नाहीत. त्यासाठी झूमफ्लॉपीबरोबर निबटूल्स हे सॉफ्टवेअर वापरावे लागते, आणि १५४१ वर ते वापरायचे तर ड्राइव्ह उघडून समांतर केबल बसवावी लागते. माझ्या गरजेत खेळ शेवटी होते, म्हणून ते काम अजून केलेले नाही.

भारतात वापरणाऱ्यांसाठी विजेची गोष्ट महत्त्वाची आहे. अमेरिकेतून आलेला १५४१ हा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो घातला तर काय होईल हे सांगायला नको. मी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, छोटा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तबकडी फिरवणारी मोटर डीसी असल्याने ६० आणि ५० हर्ट्झच्या फरकाने तिच्या मिनिटाला ३०० फेऱ्यांवर परिणाम होत नाही. कमोडोर ६४ संगणक चालू करण्याची तर गरजच नाही, आणि हा झूमफ्लॉपीचा मोठा फायदा मी मानतो, कारण त्याच्या वीजपुरवठ्याचे विटेएवढे जुने डबे बिघडले की ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब सोडतात आणि आतल्या मेमरी चिप जाळतात. ड्राइव्ह चालू किंवा बंद करताना आत फ्लॉपी ठेवू नये, हा त्या काळचा नियम आजही पाळावा. झूमफ्लॉपीच्या किमतीइतकेच टपाल आणि कस्टम मिळून पडले, याची मनाची तयारी ठेवावी.

४२ पैकी ३८ फ्लॉप्या पूर्ण उतरल्या. दोन लेप सुटून गेल्या, एक दुमडलेली होती. उरली ती 'गणपती – हिशेब'. तिचा अठरावा ट्रॅक, म्हणजे सूची जिथे असते तो, सर्वांत झिजलेला निघाला. प्रत्येक फाइलसाठी हेड तिथेच येते, तेव्हा नवल नव्हते. पण कमोडोरच्या प्रत्येक सेक्टरचे पहिले दोन बाइट पुढचा सेक्टर कुठे आहे ते सांगतात, त्यामुळे सूचीशिवायही साखळीचा माग काढत फाइल जोडता येते. तशी जोडून १९८६ च्या गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी निघाली. त्यात नावापुढे डॉलर, कोणाकडे मोदकांचे साचे आहेत आणि कोण भारतातून येताना अष्टगंध आणणार आहे, हे सगळे आहे. यादी बाविसाव्या ट्रॅकवरच्या एका सेक्टरपाशी तुटते. तो मी वेगवेगळ्या दिवशी, हेड पुसून आणि न पुसता, शंभरावर वेळा वाचवून पाहिला आहे, आणि दर वेळी चूक क्रमांक २३ येते, म्हणजे सेक्टर सापडतो पण त्यातल्या माहितीच्या तपासणीची बेरीज जुळत नाही. पुढचा प्रयत्न समांतर केबल बसवून निबटूल्सने करायचा आहे. तोवर ती फ्लॉपी सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह वेगळ्या डबीत ठेवली आहे.